कोणती राख?

सकाळी गच्चीवर गेलो की मी आधी पाणी घालत नाही, बोट फिरवतो. जास्वंदीचं एखादं मोठं पान धरायचं आणि देठापासून टोकापर्यंत तर्जनी ओढायची. बोटामागे हिरवीगार रेघ उमटते आणि बोटाला पिठासारखा मऊ, करडा लेप लागतो. रात्री वारा कुठून होता ते त्या रेघेवरून कळतं. पावसाळ्यात रेघ उमटत नाही. मार्चपासून मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत रोज उमटते. खापरखेड्याच्या माणसाला यात नवल नाही. इथे दोरीवरचे कपडे आधी झटकतात, मग घडी घालतात. कुरड्या वाळत घालायच्या तर वर जुनं पातळ पांघरावंच लागतं.

गावाला लागून वीज केंद्र आहे. २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० मेगावॅटचा एक, मिळून १३४०. आपल्याकडचा कोळसा शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राखच उरते. ती पाइपांतून वाहते, बंधाऱ्यात साठते, ट्रकांतून जाते, विटा होऊन घरांच्या भिंतींत बसते. आणि चिमूटभर माझ्या जास्वंदीवर उतरते.

अशा गावात बसून मी झाडांवर लिहितो. आठवड्याला एक सदर, साडेचारशे शब्दांचं. कुंडीत काय लावावं, कधी छाटावं, पानं का पिवळी पडली. लेखाखाली माझं नाव येतं आणि नावाखाली एक ओळ येते, ‘लेखक बागकामाचे अभ्यासक आहेत.’ ही ओळ मी दिलेली नाही. सदर सुरू झालं तेव्हा कोणीतरी घातली, ती तशीच राहिली. मला ती कायम थोडी टोचत आली आहे. शेतकरी मला शेतकरी मानत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. माझ्याकडे गच्ची आहे, वावर नाही. शास्त्रज्ञांच्या लेखी मी त्यांचं अर्धवट ऐकून लिहिणारा. पत्रकार म्हणतात, अरे हा तर फुलापानांचा माणूस. लग्नाकार्यात कोणी विचारलं, ‘तुम्ही नक्की काय करता?’ तर मी बरीच वर्षं ‘रिटायर झालोय’ असं सांगून वेळ मारून नेली आहे.

मी कुठल्या जमातीतला, हे मला एका चुकीमुळे कळलं.

सदराचं पहिलं वर्ष. मिरची, वांगी, टमाटरच्या कुंड्यांविषयी लिहिताना मी एक वाक्य बिनधास्त टाकलं होतं: कुंडीत दोन मुठी राख मिसळावी, पोटॅश मिळतं, फळ चांगलं धरतं. वाक्य जुनंच. आजी सांगायची, पुस्तकांत होतं, मीही लिहिलं. तीन आठवड्यांनी आमच्या गावचे एक नर्सरीवाले भाऊ माझ्या दारात उभे. हातात मिरचीचं रोप, कुंडीसकट. सिमेंटची कुंडी नव्हे, प्लास्टिकची. पण आतली माती सिमेंटसारखी झालेली. वरून पाणी ओतलं तर ते तसंच थांबलं, मग कडेच्या भेगेतून सुळकन खाली गेलं. मधली माती कोरडीच. मिरचीची पानं मलूल, शेंडा वळलेला.

‘सर, तुमी राख टाका म्हून लिवलं. काकूनं टाकली. आता तुमीच सांगा, कोनती राख लिवली होती?’

क्वार्टरमधल्या एका काकूंनी माझा लेख वाचून, घराबाहेर ट्रकमधून सांडलेली राख सुपात भरून आणली होती आणि अकरा कुंड्यांत दोन-दोन मुठी नव्हे, सढळ हाताने घातली होती. मी भेटायला गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत, उलट चहा टाकला. म्हणाल्या, ‘मले वाटलं, आपल्याइथं तं ढिगानं पडली हाये, विकत काहून आना?’

यावर मी काय बोलणार? मी ‘राख’ लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आजीची चूल होती. काकूंच्या दारापुढे राखेचा ट्रक होता. शब्द एकच, वस्तू दोन. लाकडाच्या राखेत पोटॅश आणि चुना असतो. दगडी कोळशाच्या उडत्या राखेत मुख्यतः वाळू आणि चिकणमाती ज्यांची बनते तीच द्रव्यं, सिलिका आणि ॲल्युमिना. नत्र भट्टीतच जळून गेलेलं, आणि कण इतके बारीक की मातीतल्या पोकळ्या बुजवून टाकतात. पाणी घाला, सुकू द्या, पुन्हा घाला, सुकू द्या. महिनाभरात कुंडीवर झाकण बसल्यासारखं कवच. मी खापरखेड्यात राहतो, रोज बोटाला तीच राख लावून घेतो, आणि लिहिताना मला ती आठवलीच नाही.

नर्सरीवाल्या भाऊंनी मग मला एका रविवारी नागपुरात, महाराजबागेत नेलं. तिथे महिन्यातून एकदा सहा-सात जणं जमायची. जागा योग्य होती. महाराजबाग कृषी महाविद्यालयाची आणि ते महाविद्यालय १९०६ सालचं, म्हणजे झाडांविषयी लोकांना सांगण्याचं काम त्या आवारात शंभर वर्षांहून जास्त चालू आहे. जमलेल्यांत एक निवृत्त कृषी सहायक होते, ज्यांनी उभी नोकरी गावोगावच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने सूचना लिहिण्यात घालवली होती. एक बाई संत्र्याच्या रोगांवरच्या इंग्रजी पत्रकांचं मराठी करायच्या. एक जण रेडिओसाठी शेतीच्या गप्पा लिहून द्यायचा. एक पोरगा होता, नुकताच मोबाइलवर व्हिडिओ करायला लागलेला. आणि आमचे नर्सरीवाले भाऊ, ज्यांचं लेखन म्हणजे रोपाच्या काळ्या पिशवीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. सगळ्यांत कठीण लेखन तेच, हे मी आता मान्य करतो. चार शब्दांत झाडाचं नाव, ऊन किती, पाणी किती, आणि ती चिठ्ठी पहिल्या पावसात भिजणार.

अमेरिकेत बागांवर लिहिणाऱ्यांनी १९४८ सालीच आपली संघटना काढली. त्यांना वर्गणी आहे, अधिवेशनं आहेत, बक्षिसं आहेत. आमच्या मंडळींना नावसुद्धा नव्हतं, आजही नाही. वर्गणी म्हणजे चहाचे पैसे, तेही आळीपाळीने. फक्त एक रीत होती, कोणी घालून दिली माहीत नाही. बसल्यावर प्रत्येकाने आधी सांगायचं, या महिन्यात आपण लोकांना काय चुकीचं सांगितलं. पहिल्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा मी राखेची गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणालो, ‘चुलीतली राख असं लिहायला हवं होतं.’

निवृत्त कृषी सहायकांनी कप खाली ठेवला. ‘चुलीतली तरी काहून टाकता जी?’

मला वाटलं गंमत करताहेत. ते गंमत करत नव्हते. विदर्भातली आपली काळी माती आधीच चुनखडीची, सामू आधीच चढा. त्यात चुलीची राख घालणं म्हणजे आणखी चुना घालणं. मग मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जास्वंद, गोडलिंब, संत्रा, ही झाडं तर लगेच तसं दाखवतात. राख घालावी हा सल्ला खोटा नाही, पण तो कोकणातल्या तांबड्या, आंबट मातीत वाढलेला सल्ला आहे. पुस्तकातून उचलून मी तो घाट चढवून, रेल्वेत बसवून थेट खापरखेड्याच्या कुंडीत आणून टाकला होता. म्हणजे काकूंनी योग्य राख घातली असती तरी मी चुकलोच असतो, फक्त चूक उशिरा दिसली असती.

त्या दिवशी परतताना बसमध्ये मला खूप बरं वाटत होतं. आता आठवलं की हसू येतं. भर मंडळीत दोनदा चुकीचा ठरलेला माणूस एवढा खुशीत का असावा? पण तोवर वर्षभर मी एकटा लिहीत होतो. वाचकांची पत्रं यायची ती कौतुकाची किंवा प्रश्नांची. कौतुक करणाऱ्याला माझी चूक दिसत नव्हती आणि ज्याचं झाड मेलं तो पत्र लिहीत नाही, तो दुसरं रोप आणतो किंवा बागेचा नाद सोडतो. तुझं हे वाक्य चुकलं आणि का चुकलं ते असं, इतकं नेमकं सांगणारं कोणी भेटलं ते पहिल्यांदाच. घरचे सांगू शकत नाहीत, संपादक सांगू शकत नाहीत. ते फक्त तोच सांगू शकतो जो हेच काम करतो आणि ज्याने हीच माती खाल्लेली आहे. माती खाणं इथे दोन्ही अर्थांनी.

या मंडळींमुळे शब्दांकडे मी निराळ्या नजरेने पाहायला लागलो. पुण्यात बसून मराठी बागेची भाषा ठरते. तिकडे पेरू, इकडे जांब. तिकडे कढीपत्ता, इकडे गोडलिंब. तिकडे चवळी, इकडे बरबटी. तिकडची कोथिंबीर इकडे सांबार होते आणि मी एकदा ‘कुंडीत सांबार लावा’ असं लिहिलं तर पुण्याच्या एका वाचकाने, इडलीबरोबरच का, असं विचारलं होतं. ‘संत्रा’ लिहिला की छापून येताना ‘संत्री’ होते. ज्या फळाच्या नावामागे २०१४ पासून भौगोलिक मानांकनासह ‘नागपुरी’ लागतं, त्या फळाला नागपुरी माणूस काय म्हणतो एवढं तरी राहू द्या, असं मला वाटतं. पण छापणाऱ्याचंही एक बरोबर असतं, त्याला सगळीकडचे वाचक सांभाळायचे असतात. नर्सरीवाल्या भाऊंनी यावर कधीचाच तोडगा काढलेला. त्यांच्या चिठ्ठीवर दोन्ही नावं असतात, वर जांब, खाली पेरू. एक खापरखेड्याच्या जुन्या माणसासाठी, एक बदलीवर आलेल्या साहेबाच्या घरासाठी.

गावाच्या नावातल्या खापरानेही मला एकदा धडा दिला. नावाची व्युत्पत्ती सांगायला मी बसलेलो नाही. पण कुंडीच्या तळाच्या भोकावर खापर ठेवावं, त्यावर विटांच्या तुकड्यांचा चांगला जाड थर द्यावा म्हणजे निचरा होतो, हे मी अनेकदा लिहिलं होतं, आणि खापरखेड्याचा माणूस खापराबद्दल लिहितोय याची मला आतून गुदगुली व्हायची. व्हिडिओ करणाऱ्या पोराने दोन पारदर्शक बरण्या आणल्या. एकीत तळाशी तुकड्यांचा थर, दुसरीत नुसती माती. दोन्हींत पाणी ओतलं. तुकड्यांच्या बरणीत पाणी मातीतून उतरलं आणि थराच्या वर येऊन अडलं. बारीक मातीतून जाड पोकळीत पाणी सहजी उतरत नाही, माती पुरती भिजेपर्यंत ते वरच लटकून राहतं. थर दिल्याने ओल खाली जायच्या ऐवजी मुळांच्या जवळ सरकली होती. एक खापर भोकावर ठेवायला हरकत नाही, माती वाहून जात नाही. थर मात्र नको. त्या पोराने मला हे शिकवलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि मी बागकामाचा अभ्यासक.

एका हिवाळ्यात पत्रकांचं मराठी करणाऱ्या बाई एक छापील निबंध घेऊन आल्या. इंग्रजीत, आंतरराष्ट्रीय नियतकालिकातला, २००९ सालचा. त्यांनी पहिल्या पानावर पेन्सिलने एका शब्दाभोवती गोल काढला होता. तो शब्द खापरखेडा होता.

नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञ आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या राखेच्या ढिगावर, दहा हेक्टरांत, त्यांनी झाडं लावली. नुसती खड्डे खणून नव्हे. राखेत नत्र आणि स्फुरद जवळजवळ नाहीच, म्हणून शेणखत मिसळलं, त्या जागेला चालतील असे नत्र धरणारे जिवाणू घातले, निरनिराळ्या जातींची झाडं निवडली. मग कुठलं झाड राखेतले कुठले धातू किती उचलतं ते तपासलं. लोह, मँगनीज, जस्त, निकेल, तांबं, क्रोमियम, शिसं. सगळे धातू इतर झाडांहून जास्त उचलणारं झाड निघालं कॅसिया सियामिया. म्हणजे आपला काशीद. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या कुंपणाला, कोणी वळूनही पाहत नाही असा, पिवळ्या फुलांचे तुरे घेऊन उभा असलेला काशीद.

मी गप्प बसलो. माझ्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर हे झालेलं. गावात कोणाच्या तोंडून मी एक शब्द ऐकला नव्हता. त्यांचं काम त्यांनी चोख केलं होतं: तपासलं, लिहिलं, छापलं. तिथून पुढे ते खापरखेड्याच्या पानटपरीपर्यंत यायला जो रस्ता लागतो, तो आमच्यासारख्यांनी बांधायचा होता.

हे पहिल्यांदाच झालं असंही नाही. आमच्या शेजारी सिलेवाडा आहे. तिथल्या खडकांत १८५०च्या दशकात स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी आणि त्याचा सोबती रॉबर्ट हंटर पानांचे ठसे शोधत फिरले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजच्या नावातला हाच हिस्लॉप. त्याने गोळा केलेले नमुने लंडनला गेले आणि १८६१ मध्ये चार्ल्स बनबरीने त्यांचं वर्णन छापलं. त्यांत ग्लॉसॉप्टेरिसची पानं होती, ज्या वनस्पतींच्या रानांचा पंचवीस-तीस कोटी वर्षांत दगडी कोळसा झाला. पान लांबट, जिभेच्या आकाराचं. नावातही ग्रीक जीभच आहे. म्हणजे माझ्या जास्वंदीच्या पानावर सकाळी बसलेली असते ती एका अतिप्राचीन पानाची न जळलेली बाकी. हे लंडनला दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी कळलं. सिलेवाड्याच्या शाळेत मी कधी बोललो तर आधी हे सांगणार आहे, पोरांना जीभ बाहेर काढायला सांगून.

निबंधाकडे वळतो. तो मराठीत सांगायचा असं ठरलं आणि तिथे आमची रविवारची सबंध सकाळ गेली. एका वाक्यावर. पोराने मथळा सुचवला, ‘काशीद लावा, राखेचं विष घालवा’. ऐकायला झकास. बाई म्हणाल्या, ‘घालवा कुठे? धातू नाहीसे होत नाहीत, राखेतून झाडात जातात एवढंच.’ मग रेडिओवाला म्हणाला, ‘शोषून घेतो’ म्हणू. त्यावर कृषी सहायक: ‘शोषून घेतो म्हटलं की लोकाले वाटते, संपलं. पानगळ होईल तवा?’ आणि खरा प्रश्न तिथे आला. राखेच्या ढिगावरच्या काशीदाचा पाला गोळा करून कोणी भाजीच्या वाफ्यात खत म्हणून घातला तर? आम्हीच तर वर्षानुवर्षं ओरडून सांगतो आहोत, पाला जाळू नका, कुजवा, मातीला द्या. काकूंच्या अकरा कुंड्या मला आठवल्या. दुपारी एकच्या सुमारास, चहाच्या तिसऱ्या फेरीनंतर जे वाक्य उरलं ते असं होतं: ‘राखेच्या ढिगावर काशीद तग धरतो आणि राखेतले धातू आपल्या अंगात साठवतो, म्हणून त्या ढिगावरच्या काशीदाचा पाला भाजीच्या मातीत घालू नये, जनावरांपुढेही टाकू नये.’ मथळा व्हायच्या लायकीचं नाही. पण त्या वाक्याला मी स्वतःच्या इतर कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त आपलं मानतो, आणि त्यात माझे शब्द फार तर तीन आहेत.

आमचे पूर्वज कोण, असं मला कोणी विचारलं तर मी श्रीपाद अच्युत दाभोलकरांचं नाव घेईन. गणिताचे प्राध्यापक; १९६६च्या सुमारास त्यांनी ‘प्रयोग परिवार’ सुरू केला. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांनी त्यातून काय केलं ते महाराष्ट्राला माहीत आहे. मला त्यातला ‘परिवार’ हा शब्द फार आवडतो. ज्याने आपल्या मातीत प्रयोग केला, मोजला आणि दुसऱ्याला कळवला, तो परिवारातला. पदवी विचारली जात नव्हती. फसलेला प्रयोगही चालायचा, कळवला पाहिजे एवढंच. दाभोलकर पानाच्या क्षेत्रफळाचा आणि त्यावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब मांडायचे. पान ही ऊन धरायची जागा. खापरखेड्यात या हिशेबात एक वजाबाकी जास्तीची. म्हणून मी आठवड्यातून एकदा झाडांची पानं धुवायला सांगतो, वरून फवारा मारून, सकाळी, ऊन चढायच्या आत. हा सल्ला आजवर कोणी चूक ठरवलेला नाही. अजून.

आणि दादाजी खोब्रागडे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे, चंद्रपूर जिल्हा. स्वतःच्या धुऱ्याआतल्या धानात वेगळ्या लोंब्या पाहिल्या, जपल्या, वाढवल्या. बारीक, चवदार तांदूळ निघाला. त्या वेळी एचएमटीची घड्याळं मोठी लोकप्रिय, तेच नाव तांदळाला पडलं. वाण गावोगाव गेलं, राज्याबाहेर गेलं, शोधणाऱ्याचं नाव मात्र बरीच वर्षं नांदेडलाच राहिलं. पुढे लिहिणाऱ्यांनी ते बाहेर आणलं, सन्मान झाले; २०१८ साली ते गेले. आमच्या मंडळींत यावरून एक ठरलं आहे. कुठलीही युक्ती सांगताना ती ज्याच्याकडून कळली त्याचं नाव, गाव, त्याची परवानगी घेऊन, आधी यायला हवं. जागा कमी पडली तर आपलं कमी करायचं.

मंडळी आता विखुरली. कृषी सहायक थकले, महाराजबागेत येणं होत नाही. आम्हीच कधी त्यांच्या घरी जातो आणि ते अंथरुणावरून विचारतात, ‘सांगा, या महिन्यात काय चुकलं?’ पोराचे व्हिडिओ आता लाखभर लोक पाहतात. बावीस वर्षांचा होता तसाच अजून दोन बरण्या घेऊन बसतो. नर्सरीवाल्या भाऊंच्या चिठ्ठ्या हल्ली छापील असतात, पण नावं दोनच.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. बरबटीच्या वेलावर मावा पडतो, त्यावर लिहिलं होतं. कोवळ्या शेंड्यांवर काळ्या किड्यांची दाटी, पानं चिकट. त्यावर जुना उपाय आहे: सकाळी दंव असताना राख भुरभुरायची, दोन दिवसांनी धुऊन टाकायची. मी लिहिलं, ‘चुलीतली, लाकडाची, चाळलेली राख.’ संध्याकाळी फोन आला. पलीकडे नवीन उपसंपादक मुलगी, आवाजात घाई.

‘सर, एक ओळ जास्त होतेय. राखेआधीचे ते तीन शब्द काढू का? राख म्हटलं की कळतंच ना.’

‘ते नको. दुसरं काहीही काढा.’

‘दुसरं काही निघत नाहीये, सर. सगळं कापून झालंय.’

मी जरा विचार केला. म्हटलं, माझ्या नावाखाली एक ओळ असते बघा.

‘अभ्यासकवाली?’

‘हो, ती.’

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. ‘बसलं, सर,’ ती म्हणाली.